परवानगीचे राज्य : आणीबाणीतील अभ्यवेक्षण आणि नंतरची पन्नास वर्षे

जून 1975 मध्ये देशात आणीबाणी पुकारली गेली तेव्हा कायद्याच्या दृष्टीने एक आणीबाणी आधीच चालू होती. बांगलादेश युद्धाच्या वेळी, 3 डिसेंबर 1971 रोजी, बाह्य आक्रमणाच्या कारणावरून निघालेली उद्घोषणा युद्ध संपल्यावरही मागे घेतली गेली नव्हती. अशी उद्घोषणा अमलात असेपर्यंत एकोणिसाव्या अनुच्छेदातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण राज्यघटनेच्या 358 व्या अनुच्छेदाने निष्प्रभ होते. म्हणजे साडेतीन वर्षे हे संरक्षण नावापुरतेच उरले होते. तरीही त्या काळात वर्तमानपत्रे सरकारवर तुटून पडत होती, गुजरात आणि बिहारमध्ये विद्यार्थी रस्त्यावर होते, 1974 मध्ये रेल्वे कामगारांनी देशव्यापी संप केला. कायद्याने दिलेले संरक्षण आणि माणसाची बोलण्याची हिंमत या दोन गोष्टी एकाच वेळी मावळतात असे नाही. दुसरी गोष्ट मावळायला वेगळी यंत्रणा लागते. ती 26 जूनपासून उभी राहिली.

12 जून रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली. 25 जूनच्या रात्री राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून उद्घोषणेवर सही केली. त्याच रात्री दिल्लीत बहादुरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्र कचेऱ्यांची वीज तोडण्यात आली. दुसऱ्या भागातून वीज मिळणारी एक-दोन दैनिके मात्र सकाळी निघाली. कारवाईत तेवढा गबाळेपणा राहून गेला होता. दोन दिवसांत तो निस्तरला गेला. भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांतील अठ्ठेचाळिसाव्या नियमाखाली पूर्वतपासणीचा, सरकारी मराठीत सांगायचे तर पूर्व-अभ्यवेक्षणाचा, आदेश निघाला. माहिती व नभोवाणी खाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. हॅरी डी'पेन्हा हे मुख्य सेन्सॉर झाले आणि मुंबईची जबाबदारी बिनोद राव यांच्यावर आली. राव स्वतः पत्रकारितेतूनच आलेले होते. कात्री चालवायला त्या धंद्यातली माणसे लागतात.

सुरुवातीला वर्तमानपत्रांनी निषेधाच्या काही युक्त्या शोधल्या. इंडियन एक्स्प्रेसने 28 जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात निधनवार्तांच्या रकान्यात लोकशाहीच्या मृत्यूची एक बारीकशी जाहिरात छापून आली. पैसे भरून दिलेल्या त्या जाहिरातीचा अर्थ छापण्यापूर्वी कुणाच्या ध्यानात आला नाही. काहींनी गांधी, टागोर, नेहरू यांची स्वातंत्र्याविषयीची वचने छापली. मग सूचना आली की अग्रलेखाची जागा कोरी ठेवायची नाही आणि ती थोरांच्या वचनांनी भरायचीही नाही. स्वातंत्र्यसंग्रामाच्या वारशावर उभ्या असलेल्या सरकारला त्या संग्रामातल्या वचनांचीच धास्ती वाटावी, याहून त्या राजवटीचे नेमके वर्णन विरोधकांनाही जमले नसते.

प्रत्यक्षात काम असे चाले. खिळे जुळवून गॅलीप्रूफ काढायचे, ते सेन्सॉरच्या कचेरीत पाठवायचे, तिथे ओळी खोडल्या जायच्या, शिक्का बसायचा आणि मग ते पान यंत्रावर चढायचे. दैनिकाला वेळेची घाई असते, त्यामुळे वादग्रस्त मजकूर पाठवणे म्हणजे अंकच उशिरा काढणे. यातून संपादक आपसूकच शहाणे होत गेले. खोडले जाईल असे वाटणारे वाक्य लिहिलेच जाईना. सेन्सॉरचे निम्मे काम संपादकांच्या टेबलावर होऊ लागले. त्यातच बऱ्याचशा सूचना फोनवरून येत आणि त्यांना कागद नसे. अमक्याच्या अटकेची बातमी नको, तमक्या न्यायमूर्तींच्या बदलीविषयी काही नको, एवढेच सांगितले जाई. लेखी आदेशाला न्यायालयात आव्हान देता येते; फोनवरच्या आवाजाला देता येत नाही. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर आणि निवडणुकीनंतर आलेल्या जनता सरकारच्या श्वेतपत्रिकेत या तोंडी सूचनांचे तपशील आले. त्यांतून दिसले की नियमांत ज्याला आधार नव्हता असे कितीतरी मजकूर केवळ गैरसोयीचे म्हणून अडवले गेले होते. न्यायालयांचे निकालही त्यातून सुटले नव्हते.

छोट्या नियतकालिकांची कोंडी वेगळ्या बाजूने झाली. त्यांचे स्वतःचे छापखाने नसत. डिसेंबर 1975 मध्ये आक्षेपार्ह मजकुरावरचा वटहुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. छापखान्याकडून अनामत रक्कम मागणे, ती जप्त करणे, यंत्रे ताब्यात घेणे ही त्यातली हत्यारे. केसरीच्या जुन्या वाचकांना यात नवे काही वाटले नसते. इंग्रजांच्या 1910 आणि 1931 च्या कायद्यांची रचना हीच होती. लेखक तुरुंगात जायला तयार असतो, संपादकही असतो. पण लग्नपत्रिका आणि बिलबुके छापून पोट भरणाऱ्या छापखानदाराने कुणाच्या लेखासाठी यंत्र का गमवावे? मुंबईत अ. द. गोरवाला यांचे 'ओपिनियन' आणि राजमोहन गांधींचे 'हिम्मत' या साप्ताहिकांना छापायला माणूस मिळणेच अवघड झाले आणि 'ओपिनियन' अखेर बंद पडले. यदुनाथ थत्ते संपादक असलेल्या साने गुरुजींच्या 'साधना'वरही कारवाई झाली. जुना प्रेस कौन्सिल बरखास्त झाला. संसदेतील भाषणांचे वृत्त छापायला संरक्षण देणारा 1956 चा कायदा, जो फिरोज गांधींच्या खटपटीने झाला होता, तो रद्द करण्यात आला. चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था बनवण्यात आली.

विनोबा भावे यांच्या पवनार आश्रमाची गोष्ट यातच येते. विनोबांनी आणीबाणीला 'अनुशासन पर्व' म्हटले, आणि सरकारने तो शब्द भिंतीभिंतींवर रंगवला. जून 1976 मध्ये गोवधबंदीसाठी उपोषण करण्याचा त्यांचा निर्णय आश्रमाच्या 'मैत्री' मासिकात छापून आला, तेव्हा पोलिसांनी पवनारला जाऊन त्या अंकाच्या प्रती जप्त केल्या. ज्याच्या शब्दाचा आधार घेतला त्याचाच अंक उचलताना यंत्रणेला अडखळायला झाले नाही.

तुरुंगाची भीती अर्थातच खरी होती. अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे मिसाखाली, 34,988 आणि संरक्षण नियमांखाली 75,818 जणांना पकडण्यात आले, अशी शाह आयोगाची नोंद आहे. मिसात दुरुस्ती करून अटकेची कारणे सांगण्याचे बंधनही काढून टाकण्यात आले. येरवडा, नाशिक रोड, ठाणे येथील तुरुंगांत समाजवादी, संघाचे स्वयंसेवक, डावे असे एकमेकांचे तोंडही न पाहणारे लोक एका बराकीत आले. महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. मृणाल गोरे काही काळ भूमिगत राहिल्या, नंतर पकडल्या गेल्या. अहिल्या रांगणेकरही आत होत्या. स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येते की नाही या प्रश्नावर नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरलना विचारले की पोलिसाने वैमनस्यातून एखाद्याचा जीव घेतला तर काय. आणीबाणी आहे तोवर दाद नाही, असे उत्तर मिळाले. खन्ना एकटे विरोधात गेले आणि जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले. बहुमतात पुण्यात शिकलेले न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात तो निर्णय चुकीचा ठरवणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 1976 च्या निकालाच्या आधी मुंबई उच्च न्यायालयात दोन प्रकरणे लढली गेली. दिल्लीतल्या मोठ्या खटल्याइतकी ती लोकांच्या तोंडी राहिली नाहीत, पण बोलण्याच्या भीतीविषयी त्यांतून जास्त कळते. पहिले सभेचे. ऑक्टोबर 1975 मध्ये मुंबईतील वकिलांनी राज्यघटनेखालील नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या विषयावर जिना हॉलमध्ये खासगी सभा ठरवली. निमंत्रितांपुरतीच ती होती आणि बोलणार होते माजी मुख्य न्यायमूर्ती छागला आणि सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. एन. पी. नथवानी न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. चार भिंतींच्या आत वकिलांनी कायद्यावर बोलणे हा सुव्यवस्थेला धोका ठरू शकत नाही, असा त्याचा सारांश होता. पुढे आणीबाणीतील अत्याचारांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला तेव्हा त्याचे अध्यक्षपद याच शाहांकडे आले.

दुसरे प्रकरण मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचे. ऑगस्ट 1975 च्या अंकातले 11 मजकूर सेन्सॉरने नाकारले. बहुतेक संपादकांनी अशा वेळी दुसरा मजकूर शोधला असता. मसानी उच्च न्यायालयात गेले. एकल न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला, आणि बिनोद राव यांचे अपील 10 फेब्रुवारी 1976 रोजी न्या. मदन आणि न्या. कानिया यांनी फेटाळले. आणीबाणी असली तरी सेन्सॉरने नियमांच्या मर्यादेतच काम केले पाहिजे, सरकारवर टीका करणे हा नागरिकाचा अधिकार आहे आणि सगळ्या वर्तमानपत्रांना एकाच सुरात गायला लावणे हे सेन्सॉरचे काम नाही, असे खंडपीठाने स्पष्ट केले. या निकालानंतर कायदा माहीत असलेल्या प्रत्येक संपादकाला लढायला जागा होती. ती वापरणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. नियम होता त्याहून लोक जास्त भ्याले. फोनवरचे फर्मान आणि अंदाजाने काढलेल्या मर्यादा यांनी ते काम केले होते.

नियम आणि भीती यांतला हाच फरक डिसेंबर 1975 च्या कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनातही दिसला. संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तेव्हा स्थानबद्धतेतून सुटून मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला उभे केले. चव्हाण व्यासपीठावर असताना हे घडले. मंडपातले सगळेच आणीबाणीच्या विरोधात होते असे मानायला आधार नाही. पण कोणी तरी पहिल्यांदा उभे राहिल्यावर उभे राहणे सोपे गेले. पुढे दुर्गाबाईंना मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात पकडण्यात आले. सिनेमा आणि गाण्याच्या क्षेत्रात असे कोणी फारसे पुढे आले नाही. किशोरकुमार यांनी सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला तेव्हा 4 मे 1976 पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद झाली. अमृत नाहटा यांच्या 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती जाळण्यात आल्या.

18 जानेवारी 1977 रोजी निवडणुका जाहीर झाल्या. सरकारने त्या का घेतल्या यावर मते वेगवेगळी आहेत, पण एक कारण सहज पटते: सेन्सॉरमुळे सत्ताधाऱ्यांनाही देशाचे खरे मत कळेनासे झाले होते. मार्चच्या मतदानात मुंबईतील सहाही जागा विरोधकांकडे गेल्या. तुरुंगातून आलेल्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर खासदार झाल्या. 21 मार्च 1977 रोजी आणीबाणी उठली. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' काढून तिथे 'सशस्त्र बंड' हे कारण घातले, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला बंधनकारक केला, आणि विसाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांतील हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाहीत असे ठरवले.

या दुरुस्तीने समोरचा मोठा दरवाजा लागला. बाजूची दारे उघडीच राहिली. प्रतिबंधक स्थानबद्धता राज्यघटनेतच आहे. 1870 मध्ये दंडसंहितेत आलेले राजद्रोहाचे कलम, ज्याखाली टिळकांना 1897 मध्ये दीड वर्षाची आणि 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ते स्वतंत्र भारतात राहिले. 1962 च्या केदारनाथ सिंह निकालाने त्याचा अर्थ हिंसेला चिथावणीपुरता आवळला. पोलीस ठाण्यात तो फारसा पोचला नाही. 2012 मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत याच कलमाखाली अटक झाली. त्याच वर्षी बाळ ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या दोन तरुणींना पालघरला पकडण्यात आले, आणि त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. दोन्ही वेळा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते; हा रोग कुठल्या एका पक्षाचा नाही.

1975 मध्ये भीतीचा धनी एकच होता. आता अनेक आहेत, आणि त्यांतले काही सरकारी नाहीत. जानेवारी 2004 मध्ये जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे निमित्त करून पुण्यातील भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला. पुस्तकावरची बंदी उच्च न्यायालयाने उठवली, सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ते कायम केले, पण शिवकाळावर लिहिणारा अभ्यासक तेव्हापासून निकालापेक्षा जमावाचा विचार आधी करतो. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. अशा भीतीविरुद्ध रिट याचिका करता येत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात 2018 पासून अटक झालेल्यांपैकी फादर स्टॅन स्वामी जुलै 2021 मध्ये कोठडीतच वारले. दहशतवादविरोधी कायद्यांत जामिनाच्या अटी इतक्या कडक आहेत की खटल्याचा निकाल लागण्याआधीच वर्षे जातात, आणि ऐकणाऱ्याला तेवढे पुरते.

11 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम स्थगित केले. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो शब्द नाही. तिच्या 152 व्या कलमात देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतींना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. बेकायदेशीर कृत्यांची त्यातील व्याख्या किती रुंद आहे यावर सभागृहात आणि बाहेर वाद झाला. मंजुरीआधी विधिमंडळाच्या समितीसमोर हजारो सूचना आणि हरकती आल्या होत्या, आणि पूर्वीच्या मसुद्यातील काही शब्द त्यांमुळे बदलले गेले.