राउटर : इंटरनेटच्या वेशीवरील पहारेकरी

ग्रामपंचायतीचे दाखले, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, शिधापत्रिकांची कामे व शाळेची मासिक माहितीपत्रके यांचा बराच भाग आता इंटरनेटवरून पार पडतो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतूंचे जाळे नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मंजुरी दिली. २०१५ पासून ही योजना ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. तथापि, तंतू कार्यालयाच्या दारापर्यंत आला म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याच्या टोकाशी बसविलेली राउटर नावाची लहानशी पेटी नीट जुळविली नसेल, तर अर्जदारास रिकाम्या हाताने परतावे लागते. आणि ती निष्काळजीपणे उघडी ठेवली असेल, तर गावाचे दप्तर परक्याच्या हाती जाण्याचा धोका उद्भवतो.

राउटरचे कार्य

राउटरला दोन बाजू असतात. एक बाहेरच्या जगाकडील, दुसरी कार्यालयातील संगणकांकडील. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य होते आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. ही टंचाई आधीच ओळखून काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत.

त्यामुळे कार्यालयात दहा संगणक असले तरी बाहेर एकच पत्ता दिसतो. कोणत्या संगणकाची मागणी बाहेर गेली याची नोंद राउटर ठेवतो आणि उत्तर आले की ते त्याच संगणकाकडे पोहोचवितो. कार्यालयातील जावक नोंदवहीचेच हे काम आहे, असे म्हणता येईल.

जोडणी कशी करावी?

राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर त्याचा अंतर्गत पत्ता छापलेला असतो. बहुधा तो १९२.१६८.१.१ असा असतो. संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाकला असता मांडणीचे पान उघडते.

प्रथम बाहेरच्या बाजूची मांडणी करावी. तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात सेवा देणारी संस्था पत्ता आपोआप पुरविते. दुसऱ्यात, म्हणजे ‘पीपीपीओई’ पद्धतीत, संस्थेने दिलेले वापरकर्ता-नाव व पासवर्ड भरावे लागतात. तिसऱ्यात कायमचा पत्ता मिळतो व तो हाताने लिहावा लागतो. यांपैकी कोणता प्रकार आपल्याला लागू आहे, हे अंदाजाने ठरवू नये; संस्थेकडून लेखी घ्यावे.

त्यानंतर आतल्या बाजूचे पत्ते पाहावेत. राउटर संगणकांना आपोआप पत्ते वाटतो. उदाहरणार्थ, १०० ते २०० हे अखेरचे अंक या वाटपासाठी ठेवावेत आणि छपाईयंत्रास १०० च्या खालचा कायम पत्ता द्यावा. वाटपातलाच पत्ता छपाईयंत्रास दिल्यास तो दुसऱ्या संगणकासही मिळू शकतो आणि दोन्ही यंत्रांच्या कामात अडथळा येतो.

पहारा कशासाठी?

फायरवॉल हा राउटरमधील पहारेकरी होय. आतून निघालेल्या मागणीस तो जाऊ देतो व तिचे उत्तर आत घेतो. न मागता बाहेरून येणाऱ्यास मात्र अडवितो. हा पहारा कधीही बंद करू नये. घरबसल्या कॅमेरा पाहता यावा म्हणून काही जण त्यात कायमची वाट मोकळी ठेवतात. ही वाट कॅमेऱ्याच्या मालकास जशी उघडी असते, तशीच परक्यासही असते.

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने अनेक देशांतील कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. तिच्यापाशी कारखान्यात घातलेल्या सुमारे साठ वापरकर्ता-नावांची व पासवर्डांची यादी होती. ज्यांनी ते बदलले नव्हते, त्यांची यंत्रे तिच्या हाती सापडली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या भडिमारामुळे अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.
२. बाहेरून मांडणी बदलण्याची सोय बंद ठेवावी.
३. वायफायसाठी ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ हीच पद्धत निवडावी.
४. ग्रामस्थांसाठी वेगळे पाहुणे-वायफाय ठेवावे. दप्तराचे संगणक त्यावर जोडू नयेत.
५. उत्पादकाने दिलेल्या सुधारित आज्ञावली वेळोवेळी भराव्यात.

जोडणी बंद पडल्यास

क्रमाने तपासावे. तंतूच्या पेटीवर लाल दिवा लागला असल्यास दोष बहुधा तंतूत असतो. मांडणीत हात घालू नये, संस्थेस कळवावे. दिवा ठीक असल्यास राउटरचे पान उघडते का, ते पाहावे. ते उघडून बाहेरचा पत्ता रिकामा दिसल्यास वापरकर्ता-नाव व पासवर्ड पडताळावेत. बाहेरचा पत्ता मिळाला असून संकेतस्थळे नावाने उघडत नसतील, तर नावांचे पत्त्यांत रूपांतर करणाऱ्या ‘डीएनएस’ची नोंद तपासावी. मागील बाजूचे बारीक छिद्रातील बटण दाबून धरू नये. त्याने सर्व मांडणी पुसली जाते.

कार्यभार व राउटर

कर्मचाऱ्याची बदली झाली आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, असे होता कामा नये. वापरकर्ता-नाव, पासवर्ड व मांडणीची प्रत मोहोरबंद लिफाफ्यात ठेवावी, कार्यभार सोपविताना त्याची नोंद घ्यावी आणि नव्या कर्मचाऱ्याने पासवर्ड लगेच बदलावा. कपाटाची किल्ली जितक्या जबाबदारीने सोपविली जाते, तितक्याच जबाबदारीने हीही सोपविली गेली पाहिजे. गावाचे दप्तर आता कपाटाइतकेच या पेटीमागेही आहे.