पाणी आणि परसबाग

सह्याद्रीच्या कुशीतील भंडारदऱ्यास पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. तेथे प्रवरा नदीवर बांधलेले धरण १९२६ साली पूर्ण झाले. परंतु धरणाचे पाणी सखल भागाकडे जाते. उंचावरील वाड्यांना मात्र उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते. याचे कारण असे की, उतारावर पावसाचे पाणी थांबत नाही, आणि जाताना ते सुपीक मातीही वाहून नेते.

उताराला आडवे बांध घातले, म्हणजे पाणी थबकते, जमिनीत मुरते आणि विहिरीस मिळते. भाज्या धुतलेले पाणी परसातील वेलीस घालावे. आळ्यात पालापाचोळा पसरला, तर ओल अधिक दिवस टिकते.

याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेत जावयास मिळाले नाही. तरीही त्यांनी शेततळ्यात पावसाचे पाणी साठवून पडीक जमीन पिकाखाली आणली. परसबागेत गावठी वाल, घेवडा लावला, त्यांचे बी जपले आणि इतर शेतकऱ्यांनाही दिले. २०२० साली त्यांना 'पद्मश्री' हा सन्मान जाहीर झाला.

पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही; पडलेला पाऊस आपल्या शिवारात राखणे मात्र त्याच्याच हाती आहे.