एक सरोवर, दोन रंग

पाणी दूषित असेल तर उकळून प्यावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु २ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना सांगण्यात आले, "नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही नको!"

शहराला पाणी पुरवणाऱ्या ईरी सरोवरात मायक्रोसिस्टिस हे नील-हरित शैवाल माजले होते. त्याचे विष यकृताला इजा करते. ते उकळण्याने नष्ट होत नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

शैवाल असे का माजते? त्याला कर्ब, नत्र आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस लागतो. यांपैकी कळीचा कोणता? १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाचे सरोवर, जेथे ते चिंचोळे होते तेथे, पडदा लावून दुभागले. दोन्ही भागांत साखर व नायट्रेट घातले. फॉस्फेट मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला!

कारण सोपे आहे. कर्ब हवेतून मिळतो. काही नील-हरित शैवाले हवेतला नत्रही वापरतात. फॉस्फरस मात्र हवेतून मिळत नाही; तो येतो सांडपाण्यातून, साबणाच्या भुकटीतून आणि खतांतून.

मायक्रोसिस्टिसला हवेतला नत्र वापरता येत नाही; त्याच्या विषाच्या रेणूत तर नत्र भरपूर. म्हणून खतांतला नायट्रेटही विषाला हातभार लावतो. शिवाय या शैवालाच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यामुळे घनता कमी होऊन ते वर तरंगते आणि खालच्यांचे ऊन अडवते.

१९७२ च्या करारानंतर अमेरिका व कॅनडाने सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला, आणि ईरी बरेच निवळले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मात्र मॉमी नदीतून, मुख्यतः शेतांतल्या खतांमुळे, पाण्यात विरघळलेला फॉस्फरस वाढू लागला. शैवालाला तो आयताच मिळतो. हिरवी साय परत आली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावचे तळे हिरवे दिसले, तर नुसते पाण्याकडे पाहू नका. त्यात येऊन मिळणाऱ्या ओहोळांच्या काठाने उलट चालत जा. उत्तर बहुधा तिकडेच सापडेल.