पवनीची टेकडी आणि नेमाड्यांची ‘हिंदू’

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथल्या एका टेकडीला नाव जगन्नाथाचं. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी ती खणली, तर पोटात निघाला बौद्ध स्तूप. दोन हजार वर्षांहून जुना! तिथल्या एका शिल्पात बुद्धाला पावसापासून राखणारा मुचलिंद नाग फणा उभारून आहे आणि फण्याखालचं आसन रिकामं आहे. बुद्ध दाखवलेलाच नाही. ज्याला गोष्ट ठाऊक, त्याला तो दिसतो. नाग, बुद्ध, जगन्नाथ, सगळे एकाच जागी. कुणी कुणाला पुसून टाकलेलं नाही.

इतिहासाचं पुस्तक आरंभापासून सुरू होतं, उत्खननाचा चर मात्र आजपासून. आधी अलीकडची खापरं हाती लागतात, मग त्याआधीची. मधल्या काळात कुणी खड्डा खणला असेल, तर त्या खड्ड्यातली वस्तू थेट जुन्या थरात जाऊन बसते.

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) ही कादंबरी नेमकी अशीच खणत जाते. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, ते उगाच नाही. मोहेंजोदडोला काम चालू असताना वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो आपल्या गावाकडे, मोरगावला निघतो. कथानक म्हणावं तर एवढंच. पण त्या प्रवासात काय काय वर येतं! शेती, भाऊबंदकी, घरातल्या बायकांची दुःखं, भटक्या जमाती, केव्हाच गेलेली माणसं. एक आठवण दुसरीत घुसते, मधूनच भलतेच आवाज बोलू लागतात. ‘कादंबरी पुढे सरकतच नाही,’ अशी तक्रार पुष्कळ वाचक करतात. खरंच आहे. तिला पुढे जायचंच नाही, खाली जायचंय.

या घाटामागे एक मोठं भांडण आहे. ब्रिटिश इतिहासकार जेम्स मिलनं १८१७ साली भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन तुकडे पाडले. एक संपला की दुसरा सुरू. ती विभागणी आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या गिरवली गेली. नेमाड्यांनी सरळ रेषेत गोष्ट सांगितली असती, तर नकळत मिलचीच चौकट मान्य केल्यासारखं झालं असतं. थरांच्या निवेदनात मात्र काहीच संपत नाही. जुनं नव्याच्या खाली जिवंत राहतं, अडचण करतं, आधारही देतं. शीर्षकातली ‘समृद्ध अडगळ’ ती हीच. इथे सांगण्याची रीत आणि सांगायची गोष्ट वेगळी काढताच येत नाही, आणि मला ही या कादंबरीची सर्वांत थक्क करणारी करामत वाटते.

शिवाय मोहेंजोदडो १९४७ नंतर पाकिस्तानात गेलं. म्हणजे स्वतःचा भूतकाळ खणायला खंडेरावाला सरहद्द ओलांडावी लागते. फाळणीवर वेगळं भाषण द्यायची गरजच उरत नाही. गोष्ट कुठून सुरू करायची, एवढं ठरवूनच नेमाड्यांनी ते काम करून ठेवलंय.