जुन्या घरातील वायरिंग बदलावे का?

लाकडी पट्ट्यांवरून वायर नेलेल्या जुन्या घरांत वीज प्रामुख्याने दिवे-पंख्यांसाठीच लागत असे. त्याच वायरवर २००० वॉटचा गिझर चालविल्यास २३० व्होल्टला सुमारे ९ अँपिअर प्रवाह वाहतो. वायर तापते, आवरण ठिसूळ होते. वारंवार फ्यूज उडणे, स्विचबोर्ड गरम होणे, जळका वास येणे, नळाला हात लावताच झिणझिण्या येणे ही धोक्याची चिन्हे होत. फ्यूजमध्ये जाड तार घातल्यास आगीचा धोका वाढतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेगरने तपासणी करून घ्यावी. आवरणाचा रोध १ मेगाओहमपेक्षा कमी भरल्यास दोष शोधावा. आवरण सर्वत्र खराब झाले असल्यास संपूर्ण वायरिंग बदलणेच श्रेयस्कर. अन्यथा गिझर व एसीसाठी स्वतंत्र, अर्थिंगसह वायर टाकणे पुरेसे ठरू शकते.