अंगठ्याचा ढोल

काठी गावच्या होळीत ढोल घुमू लागले की गिटार कुणाला ऐकूही येणार नाही. नंदुरबारकडच्या लोकगीतांना हे वाद्य शोभतं ते घराच्या ओट्यावर, श्रावणातली कानबाई देवीची अहिराणी गाणी हळू आवाजात म्हणताना.

यासाठी पिक बाजूला ठेवायचं आणि उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडायच्या. अंगठ्याकडे सहावी, पाचवी, चौथी या जाड तारा. तर्जनीला तिसरी, मधल्या बोटाला दुसरी, अनामिकेला पहिली. करंगळीला सुट्टी. सहा मात्रांच्या चालीला क्रम असा: अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, मधलं, तर्जनी. 'ए मायनर' कॉर्ड धरा, अंगठा पाचव्या तारेवर. पुढच्या आवर्तनात तो चौथीवर न्या. एवढ्यानेच ढोलाची दोन तोंडं आळीपाळीने वाजल्यासारखी वाटतात. अमेरिकेतल्या मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाच्या नावाने ओळखली जाणारी शैलीही अंगठ्याच्या अशाच येण्याजाण्यावर उभी आहे.

सुरुवातीला डावा हात विसरलात तरी चालेल. मोकळ्या तारांवर उजवा बसू द्या. अंगठा चुकला की गाणं लंगडतं. बाकी बोटं चुकली तर फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच चाली चार-पाच सुरांतच फिरतात, त्यामुळे दोन कॉर्ड पुरतात. जास्तीचे कॉर्ड घुसवून गाणं सिनेमातलं करणारे असतात. मला ते रुचत नाही. म्हणणाऱ्या आजीचा सूर उंच असेल तर कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, चढवा; तिला खाली ओढू नका. आणि बोटं फारच दुखत असतील, तर नायलॉनच्या तारांची गिटार बरी.