पापड विकताय? मग मिठाबरोबर खारातलं सोडियमही मोजा!



पापडाचा गृहउद्योग असेल तर हा प्रश्न येतोच: "ताई, बीपीवाल्याला चालेल का?" आणि आपण पटकन सांगतो, "हो, मीठ कमीच घातलंय." थांबा! हे उत्तर अर्धवट आहे.

पापड हलका होतो तो पापडखारामुळे. हा खार म्हणजे बहुतेक वेळा सोडियम कार्बोनेट किंवा सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा. चव खारट लागो न लागो, सोडियम त्यातही आहेच.

शरीरात काय होतं?
सोडियम जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तदाब वाढतो. जास्तीचं सोडियम बाहेर टाकायचं काम किडनीचं. पण दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मग ती सोडियम नीट बाहेर टाकू शकत नाही आणि बीपी आणखी चढतं. खारापेक्षा मिठाचा बीपीवर परिणाम जास्त होतो. म्हणून खार हे काही विष नाही, पण हिशेबात तो धरायलाच हवा.

हिशेब करून बघू
समजा, १ किलो उडीद पिठाला ४० ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातला. मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असतं, सोड्यात २७ टक्के.

- मिठातून: १५.६ ग्रॅम
- सोड्यातून: २.७ ग्रॅम
- एकूण: १८.३ ग्रॅम

वाळलेले पापड १,१०० ग्रॅम भरले, तर १० ग्रॅमच्या एका पापडात सुमारे १६५ मिलीग्रॅम सोडियम आलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. म्हणजे जेवताना दोन पापड घेतले की त्यातला सहावा हिस्सा संपला!

मग काय करायचं?

१. पाकिटावर "लो सोडियम" छापू नका. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे त्यासाठी १०० ग्रॅममागे जास्तीत जास्त १२० मिलीग्रॅम सोडियम चालतं. आपल्या हिशेबात ते १,६५०च्या वर जातंय. "बीपीसाठी उत्तम" असंही लिहू नका.

२. घटकांच्या यादीत खार लपवू नका. नाव किंवा आयएनएस ५०० हा क्रमांक द्या.

३. साध्या मिठाऐवजी "लो सोडियम मीठ" वापरणार असाल तर जपून. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं. किडनीच्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वापरलंत तर पाकिटावर स्पष्ट लिहा.

४. खार अंदाजाने टाकू नका, काट्यावर मोजा. मीठ थोडं कमी करून मिरी, जिरं, हिंग वाढवा आणि छोटा घाणा काढून चव बघा.

आता पुन्हा कुणी विचारलं तर सांगा, "एका पापडात एवढं सोडियम आहे, किती चालेल ते डॉक्टरांना विचारा." एखादं पाकीट कमी खपेल, चालेल. खरा आकडा सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं. आजच आपली रेसिपी काढा आणि हिशेब मांडा!